विश्लेषण : कच्चे सोयाबीन का पचत नाही? दाण्यातील ‘आडकाठी’ कोणती आणि ती कशी काढायची?

ऑक्टोबरमध्ये बनीम मोडून मळणी झाली की उदगीर, देवणी, जळकोट भागांतील घराघरांत सोयाबीनचे कट्टे लागतात. काही माल थेट मोंढ्यात जातो, तर काही दर वाढेल या आशेने घरातच थांबतो. २०२४-२५च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. २०२५-२६साठी तो ५,३२८ रुपये करण्यात आला. मात्र दोन्ही हंगामांत काढणीनंतर खुल्या बाजारातील दर हमीभावाखालीच राहिल्याची शेतकऱ्यांची तक्रार होती. दर पडले की घरोघरी एकच विचार सुरू होतो. एवढे प्रथिन असलेला दाणा मातीमोल विकण्यापेक्षा गव्हात टाकून दळून आणला तर? कोंबड्यांना टाकला, वासराला भरडून घातला तर?

विचार योग्य आहे, पण त्यात एक अडचण आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांबरोबर ती प्रथिने पचू न देणारा पदार्थही असतो. तो काय आहे, कसा काम करतो आणि घरच्या चुलीवर तो कसा निकामी करता येतो, याचे हे विश्लेषण.

सोयाबीनमध्ये नेमके काय असते?

सोयाबीनच्या दाण्यात साधारण ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असते. तूर किंवा हरभऱ्यात प्रथिनांचे प्रमाण २० ते २२ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे प्रथिनांच्या हिशेबाने एक किलो सोयाबीन जवळपास दोन किलो डाळीच्या बरोबरीचे ठरते. म्हणूनच कोंबडीखाद्यापासून लहान मुलांच्या पोषण आहारापर्यंत सोयाबीनला मागणी असते.

याच दाण्यात ‘ट्रिप्सिन अवरोधक’ नावाची लहान प्रथिने असतात. रासायनिक क्रियेचा वेग कमी करणाऱ्या किंवा ती थांबवणाऱ्या पदार्थाला अवरोधक म्हणतात. उत्प्रेरक क्रियेला वेग देतो, तर अवरोधक त्या वेगाला आडकाठी घालतो. मोंढ्यात उभ्या ट्रकच्या चाकाला दगड लावला की इंजिन चांगले असूनही ट्रक हलत नाही. ट्रिप्सिन अवरोधकाचे काम बरेचसे त्या दगडासारखे असते.

ट्रिप्सिन म्हणजे काय?

आपण खाल्लेले प्रथिन ही अमिनो आम्लांची लांब साखळी असते. ती जशीच्या तशी रक्तात जाऊ शकत नाही, तिचे आधी तुकडे व्हावे लागतात. हे काम विकरे, म्हणजे एन्झाइम्स करतात. स्वादुपिंडातून लहान आतड्यात येणारे ट्रिप्सिन हे त्यातील महत्त्वाचे विकर आहे. साखळीत लायसिन किंवा आर्जिनिन ही अमिनो आम्ले जिथे असतील, तिथे ते साखळी कापते. ट्रिप्सिनमुळेच स्वादुपिंडातील इतर काही पाचक विकरेही कामाला लागतात. त्यामुळे ट्रिप्सिन अडले की पुढची साखळीच अडते.

सोयाबीनमधील अवरोधक ट्रिप्सिनला आमिष दाखवतो. त्याच्या पृष्ठभागावर ट्रिप्सिनला हवी तशी जागा पुढे आलेली असते. ट्रिप्सिन ती कापायला जाते आणि तिथेच अडकून बसते. दोघांची मिठी इतकी घट्ट असते की सुटका अतिशय सावकाश होते. तोवर त्या ट्रिप्सिनला दुसरे प्रथिन कापता येत नाही. अशी अनेक ट्रिप्सिने अडकली की खाल्लेल्या प्रथिनांचा बराच भाग न पचता पुढे जातो.

तोटा केवळ न पचण्यापुरता आहे का?

नाही. आतड्यात मोकळे ट्रिप्सिन कमी झाल्याचा इशारा शरीराला मिळतो आणि स्वादुपिंड आणखी विकरे तयार करू लागते. विकरे हीसुद्धा प्रथिनेच असतात आणि त्यांत गंधकयुक्त अमिनो आम्ले भरपूर असतात. सोयाबीनमध्ये नेमकी हीच अमिनो आम्ले, विशेषतः मेथिओनिन, कमी असतात. म्हणजे आहारातून जे कमी मिळते, तेच शरीर विकरे बनवण्यात खर्च करते आणि ते विष्ठेवाटे वाया जाते. कच्चे सोयाबीन सतत खाणाऱ्या कोंबडीच्या पिलांमध्ये आणि उंदरांमध्ये वाढ खुंटते आणि स्वादुपिंड मोठे होते, हे प्रयोगांत वारंवार दिसले आहे.

माणसाच्या बाबतीत घाबरून जाण्याचे कारण नाही. शेतात चार कच्चे दाणे तोंडात टाकल्याने विषबाधा होत नाही. प्रश्न रोजच्या आहाराचा आहे. न उकडलेल्या सोयाबीनचे पीठ रोज पोळीत गेले, तर ज्या प्रथिनासाठी ते घातले त्याचा पुरेसा फायदा मिळत नाही आणि पोटाच्या तक्रारी वाढतात. वाढत्या वयाची मुले, गरोदर आणि स्तनदा माता यांच्या ताटात हा तोटा जास्त महत्त्वाचा ठरतो.

इथे एक गल्लत टाळायला हवी. सोयाबीन खाल्ल्यावर होणाऱ्या गॅसचे मुख्य कारण हा अवरोधक नाही. दाण्यातील रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा आपल्याला पचवता येत नाहीत. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्या आंबवतात आणि वायू तयार होतो. दाणे भिजवून ते पाणी फेकून दिले की या शर्करा काही प्रमाणात निघून जातात. अवरोधक मात्र केवळ भिजवून जात नाही, त्याला उष्णताच लागते.

हे कोणाच्या लक्षात आले?

१९१७ मध्ये अमेरिकेत थॉमस ऑस्बोर्न आणि लाफायेट मेंडेल यांनी उंदरांना सोयाबीन खाऊ घालून पाहिले. कच्च्या सोयाबीनवर उंदरांची वाढ नीट होईना. तेच सोयाबीन शिजवून दिल्यावर वाढ सुधारली. दाणा तोच, प्रथिनेही तेवढीच, फरक फक्त शिजवण्याचा होता. कारण मात्र तेव्हा कळले नव्हते.

ते कळायला जवळपास तीन दशके गेली. १९४० च्या दशकात डोनाल्ड बोमन यांनी सोयाबीनमधील ट्रिप्सिन रोखणाऱ्या घटकाचा अभ्यास केला. १९४५ मध्ये मोझेस कुनिट्झ यांनी असा एक अवरोधक शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळा केला. तो आज ‘कुनिट्झ ट्रिप्सिन अवरोधक’ म्हणून ओळखला जातो. पुढे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलच्या येहुदित बर्क यांनी दुसरा, आकाराने लहान अवरोधक शुद्ध केला. त्याला ‘बोमन-बर्क अवरोधक’ हे नाव मिळाले.

या दोघांतील फरक स्वयंपाकघरातही महत्त्वाचा आहे. कुनिट्झ अवरोधक १८१ अमिनो आम्लांचा असतो आणि त्याची घडी गंधकाच्या दोन पुलांनी बांधलेली असते. बोमन-बर्क अवरोधक अवघ्या ७१ अमिनो आम्लांचा असला, तरी त्यात असे सात पूल असतात. त्यामुळे तो उष्णतेला जास्त दाद देत नाही. पहिला तुलनेने लवकर उलगडतो, दुसऱ्याला जास्त वेळ शिजवावे लागते. वरवर भाजलेल्या दाण्यावर म्हणूनच विसंबता येत नाही.

उष्णतेने नेमके काय होते?

प्रथिनाचे काम त्याच्या घडीवर अवलंबून असते. किल्लीचे दाते वाकले की ती कुलपात बसत नाही, तसे उष्णतेने अवरोधकाची घडी मोडली की तो ट्रिप्सिनला पकडू शकत नाही. मग तोही इतर प्रथिनांसारखाच पचून जातो. या कामात ओलसर उष्णता कोरड्या उष्णतेपेक्षा जास्त उपयोगी ठरते. पाण्यात भिजलेल्या दाण्याच्या आतपर्यंत उष्णता सारखी पोहोचते. कढईत भाजताना बाहेरचा भाग करपतो आणि आतला कच्चा राहू शकतो.

उष्णता जास्त झाली तरी नुकसान आहे. दाणा फार वेळ, फार तापवला की लायसिन हे अमिनो आम्ल साखरेशी जोडले जाते आणि शरीराला मिळत नाही. पीठ तांबूस-तपकिरी होते, वास खमंग येतो, पण पोषण घटते.

घरी पीठ करायचे असेल तर?

सोयाबीन निवडून, धुऊन रात्रभर भरपूर पाण्यात भिजवावे. सकाळी ते पाणी टाकून द्यावे. दाणे चोळले तर बरीच साले सुटून वर येतात, ती काढता येतात. नंतर उकळत्या पाण्यात दाणे घालून पुन्हा उकळी आल्यापासून २० ते ३० मिनिटे उकडावेत. उकळताना फेस फार येतो, त्यामुळे भांडे मोठे घ्यावे. कुकरमध्ये लावायचे असेल तर तो काठोकाठ भरू नये, कारण फेस आणि साली वाफेच्या नळीत अडकू शकतात. पाणी निथळून दाणे स्वच्छ कापडावर कडक उन्हात वाळवावेत. दाताखाली धरल्यावर कट्ट आवाज येईपर्यंत ते वाळले पाहिजेत. ओलसर राहिले तर पिठाला बुरशी लागते.

असे वाळवलेले एक किलो सोयाबीन नऊ किलो गव्हात मिसळून दळण्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे सुचवले जाते. साधा हिशेब करून पाहता येतो. गव्हात १२ टक्के प्रथिने धरली आणि सोयाबीनमध्ये ४० टक्के, तर या मिश्रणात सुमारे १५ टक्के प्रथिने होतात. फायदा आकड्यापुरता नाही. गव्हात लायसिन कमी असते आणि सोयाबीनमध्ये भरपूर. सोयाबीनमध्ये कमी असलेले मेथिओनिन गव्हातून मिळते. दोघे एकमेकांची उणीव भरून काढतात. ज्वारीतही लायसिनच कमी असते, त्यामुळे भाकरीच्या पिठालाही हाच न्याय लागू होतो.

या पिठाला तेलाचे प्रमाण जास्त असल्याने ते लवकर खवट होते. एकदम दोन महिन्यांचे दळण न आणता थोडे थोडे दळून आणणे बरे. दुकानात मिळणाऱ्या सोयाबीन वड्यांच्या बाबतीत ही चिंता नसते. तेल काढलेल्या पिठापासून त्या उष्णता आणि दाबाखाली तयार होतात. सोयादूध आणि टोफूसाठीही दूध उकळावेच लागते.

कोणते सोयाबीन मुळीच वापरू नये?

दोन प्रकार कधीही खाण्यात किंवा खाऊ घालण्यात येता कामा नयेत. पहिला, पेरणीतून उरलेले बियाणे. त्यावर बुरशीनाशकाची, अनेकदा कीटकनाशकाचीही प्रक्रिया केलेली असते. धुऊन, उकडून ते खाण्यायोग्य होत नाही. दुसरा, काढणीच्या वेळी पावसात भिजून बुरशी आलेला माल. बुरशीतून तयार होणारी अफ्लाटॉक्सिनसारखी विषे घरगुती उकडण्याने नष्ट होत नाहीत. उष्णता ट्रिप्सिन अवरोधकावर उपाय आहे, या दोन्हींवर नाही.

जनावरांच्या बाबतीत काय?

उदगीर हा पशुपालनाचाही पट्टा आहे. शेजारच्या देवणी तालुक्याच्या नावाने ओळखला जाणारा देवणी गोवंश याच भागातला. महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय उदगीरमध्ये आहे. त्यामुळे सोयाबीनचा प्रश्न इथे ताटाइतकाच गव्हाणीचाही आहे.

कोंबड्या आणि वराह यांचे पोट आपल्यासारखे एकच असते. त्यांना कच्च्या सोयाबीनचा थेट फटका बसतो. पिले खाद्य खातात, पण वजन धरत नाहीत. मोठ्या गाई-म्हशींचे तसे नाही. त्यांच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीव अन्न आतड्यात जाण्याआधीच आंबवतात आणि अवरोधकाचा बराचसा भाग तिथेच मोडतो. लहान वासराचे कोठीपोट मात्र अजून तयार झालेले नसते. त्यामुळे दूधपित्या वासराला कच्च्या सोयाबीनचा भरडा देणे चुकीचेच ठरते. मोठ्या जनावरालाही एकदम भरपूर सोयाबीन दिले तर त्यातील तेलामुळे पचन बिघडते. किती द्यायचे, हे पशुवैद्यकाला विचारून ठरवावे. मळणीनंतर उरणाऱ्या भुसकटाचा या अवरोधकाशी संबंध नाही, कारण तो मुख्यतः दाण्यात असतो.

सर्वांत मोठा धोका वेगळा आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएज नावाचे विकरही असते. ते युरियाचे झपाट्याने अमोनियात रूपांतर करते. कडबा किंवा भुसकटावर युरियाची प्रक्रिया करण्याची पद्धत आहे, काही तयार पशुखाद्यांतही थोडा युरिया असतो. अशा खाद्यासोबत कच्चे सोयाबीन दिले तर कोठीपोटात अमोनिया एकदम वाढून जनावर दगावू शकते. युरिया असलेले खाद्य आणि कच्चे सोयाबीन एकत्र देऊ नये, हा नियम प्रत्येक गोठ्यात माहीत हवा.

कारखान्यातली पेंड ‘शिजली’ हे कसे कळते?

तेल काढल्यानंतर उरणारी सोयापेंड, व्यापारी भाषेत ‘डीओसी’, वाफेच्या उष्णतेतून जाते. या टप्प्यात तेल काढण्यासाठी वापरलेले द्रावण उडून जाते आणि पेंड शिजतेही. ती पुरेशी शिजली का, हे तपासायला अवरोधक थेट मोजणे वेळखाऊ आणि खर्चिक असते. म्हणून वर उल्लेख केलेल्या युरिएजचाच उपयोग केला जातो. युरिएज आणि ट्रिप्सिन अवरोधक साधारण सारख्याच उष्णतेला निकामी होतात. पेंडीचा नमुना युरियाच्या द्रावणात टाकतात. युरिएज शिल्लक असेल तर अमोनिया तयार होतो, द्रावण अल्कधर्मी होते आणि त्यात घातलेल्या फिनॉल रेड या सूचकाचा रंग गुलाबी-लाल होतो. रंग फार भराभर पसरला तर पेंड कच्ची.

ही चाचणी फक्त कच्चेपणा पकडते. जास्त तापलेल्या पेंडीत युरिएज शून्यच असते, पण प्रथिनही खराब झालेले असते. त्यासाठी अल्कलीत किती प्रथिन विरघळते, ही वेगळी चाचणी करतात. कोंबडीखाद्य मोठ्या प्रमाणात विकत घेणाऱ्यांनी विक्रेत्याकडे या दोन्ही तपासण्यांचे निकाल मागायला हरकत नाही.

झाड असा पदार्थ तयारच का करते?

स्वतःच्या बचावासाठी. दाणा हा झाडाचा पुढच्या पिढीसाठीचा साठा असतो. तो खाणाऱ्या किडीला पचला नाही, तर किडीची वाढ मंदावते. १९७२ मध्ये अमेरिकेतील ग्रीन आणि क्लॅरेन्स रायन यांनी दाखवून दिले की कीड पाने कुरतडू लागली की टोमॅटो आणि बटाट्याच्या झाडात असे अवरोधक वाढतात, आणि तेही केवळ जखमी पानातच नव्हे तर इतर पानांतही.

किडीही गप्प बसत नाहीत. रब्बीत उदगीर भागात हरभरा सर्वत्र असतो आणि त्यावरची घाटे अळी प्रत्येक शेतकऱ्याच्या परिचयाची आहे. हरभऱ्यातही असे अवरोधक असतात, तरीही अळी घाटे पोखरते. ते कसे, याचे उत्तर पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिले. घाटे अळीच्या आतड्यातील विकरे हरभऱ्याचे अवरोधकच निकामी करतात, असे त्यात दिसून आले. पुढे याच प्रयोगशाळेत अळीला सवय नसलेल्या दुसऱ्या वनस्पतींच्या, त्यात मिरचीच्याही, अवरोधकांवर काम झाले. अळीच्या पोटाला ओळखीचे नसलेले कुलूप शोधण्याचा हा प्रयत्न होता.

अवरोधक म्हणजे नेहमी वाईटच का?

तसे मुळीच नाही. आपले स्वादुपिंड ट्रिप्सिन तयार करते तेव्हा सोबत त्याचा एक अवरोधकही तयार करते. तो नसेल तर वेळेआधी जागे झालेले ट्रिप्सिन स्वादुपिंडालाच पचवू लागेल. गाय व्यायल्यावर येणाऱ्या चिकातही ट्रिप्सिन अवरोधक असतो. चिकातून वासराला आईची प्रतिपिंडे मिळतात. ही प्रतिपिंडे प्रथिनेच असल्याने आतड्यात पचून जाण्याचा धोका असतो. अवरोधकामुळे ती टिकून रक्तात पोहोचायला मदत होते. म्हणून खरवसाच्या मोहात न पडता पहिला चीक वासराला पाजा, असे पशुवैद्यक सांगतात.

औषधांच्या डब्यातही अवरोधक असतात. रक्तदाबासाठी दिली जाणारी रामिप्रिल, कोलेस्टेरॉलसाठीची अ‍ॅटोर्वास्टॅटिन, वेदनेवरची अ‍ॅस्पिरिन ही सगळी कोणत्या ना कोणत्या विकराला अडवूनच काम करतात. शेतात टाकला जाणारा निमकोटेड युरिया हे आणखी एक उदाहरण. कडुनिंबाच्या तेलातील घटक मातीतील जिवाणूंकडून होणारे नत्राचे रूपांतर मंदावतात, त्यामुळे नत्र पिकाला जास्त काळ मिळते. २०१५ पासून देशात तयार होणारा युरिया निमकोटेड असणे बंधनकारक आहे.

घातक बाजूही याच शेतात आहे. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके मज्जासंस्थेतील अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज या विकराला रोखतात. किडीवर ती याच मार्गाने परिणाम करतात आणि फवारणाऱ्या माणसावरही. खूप घाम, तोंडाला लाळ, बाहुल्या बारीक होणे, दम लागणे ही लक्षणे फवारणीनंतर दिसली तर कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन रुग्णाला लगेच रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी सोबत न्यावी, म्हणजे डॉक्टरांना उपचार ठरवणे सोपे जाते.

आडकाठी नसलेले सोयाबीन मिळू शकते का?

काही प्रमाणात मिळते. कोरियातून गोळा केलेल्या काही सोयाबीन वाणांत कुनिट्झ अवरोधक नैसर्गिकरीत्याच नसल्याचे अमेरिकी संशोधकांना आढळले होते. त्यांचा उपयोग करून तिथे एक वाण तयार झाला आणि १९९१ मध्ये त्याची नोंदणी झाली. ज्यात कुनिट्झ अवरोधक नाही, त्या वाणाचेच नाव ‘कुनिट्झ’ ठेवण्यात आले.

भारतात इंदूरच्या भारतीय सोयाबीन संशोधन संस्थेने एनआरसी १२७ हा कुनिट्झ अवरोधकमुक्त वाण विकसित केला. २०१८ मध्ये अधिसूचित झालेल्या या वाणाची शिफारस मध्य भारतासाठी आहे आणि त्यात मराठवाडा व विदर्भही येतात. याच संस्थेच्या एनआरसी १४२ या वाणात कुनिट्झ अवरोधकाबरोबरच सोयाबीनला उग्र वास देणारे लिपॉक्सिजिनेज-२ हे विकरही नाही. अनेकांना सोयाबीनची पोळी वासामुळेच नकोशी वाटते, त्यामुळे खाद्यपदार्थांसाठी असे वाण महत्त्वाचे ठरतात.

मात्र या वाणांतही बोमन-बर्क अवरोधक राहतोच. त्यामुळे उष्णता कमी लागते, पण शिजवणे पूर्णपणे वगळता येत नाही. शेतकऱ्यापुढचा प्रश्न आणखी व्यवहाराचा आहे. मोंढ्यात माल ओलावा, काडीकचरा आणि डागी दाणे पाहून घेतला जातो. दाण्यात अवरोधक आहे की नाही, याला वेगळा भाव मिळत नाही. अशा वाणाचा माल वेगळा साठवून तो खाद्यप्रक्रिया करणाऱ्यांपर्यंत वेगळा पोहोचला, तरच त्याचा फायदा पेरणाऱ्याला होईल. गटशेती करणाऱ्या किंवा शेतकरी उत्पादक कंपन्यांना हे जमण्यासारखे आहे.

मग लक्षात काय ठेवायचे?

घरच्या पिठासाठी सोयाबीन भिजवा, ते पाणी टाका, २० ते ३० मिनिटे उकडा, कडक वाळवा आणि मगच दळा. कोंबड्यांना व दूधपित्या वासरांना कच्चे सोयाबीन देऊ नका. युरिया असलेल्या खाद्यासोबत ते कोणत्याच जनावराला देऊ नका. पेरणीचे उरलेले बियाणे आणि बुरशीचा माल खाण्यापासून दूर ठेवा. बाजारात दर काय मिळेल हे शेतकऱ्याच्या हातात नसते. घरात ठेवलेल्या कट्ट्यातले प्रथिन अंगी लागेल की नाही, हे मात्र अर्ध्या तासाच्या उकळीवर ठरते.